फरच्या कोंबांच्या चौदा बरण्या

साफ्ताने रिकामी टोपली अंगणात उपडी केली, बुडावर दोन थापट्या मारल्या आणि खाली पडलेल्या कचऱ्यातून एक डहाळी उचलली. बोटभर लांब, मऊ, पोपटी, जराशी सुकलेली. तिने ती चुरडून नाकाशी नेली आणि तशीच धरून उभी राहिली.

"वहिनी, हे काय आहे?"

दोम्निका ओसरीवर बसून बरण्यांची तोंडं ओल्या फडक्याने पुसत होती. साखरेला मुंग्या लागायला वेळ लागत नाही. तिने मान वर न करताच विचारलं, "काय असणार? फरच्या झाडाचा कोंब."

"वास घे."

"मला वास शिकवतेस? नऊ वर्षांची होते तेव्हापासून खुडतेय मी. आता एकाहत्तरावं चाललंय."

"घेऊन तर बघ."

दोम्निकाने डहाळी हातात घेतली. फरचा कोंब चुरडला की लिंबाच्या सालीसारखा झणझणीत वास बोटांना चिकटतो, दोन वेळा हात धुतले तरी जात नाही. या डहाळीला ओल्या गवतासारखा काहीतरी वास होता, तोही असून नसल्यासारखा. तिने ती उलटी केली. फरच्या पानाला पाठीमागून दोन पांढऱ्या रेघा असतात. तिला त्या आहेत असं वाटलं, मग नाहीत असं वाटलं.

"आठ दिवस टोपलीत पडून आहे, वास उडाला असेल," ती म्हणाली.

"आठ दिवसांत फरचा वास उडत नाही. ही तिसा आहे, वहिनी."

प्लायू गावात तिसाचं झाड देवळाच्या आवारात एकच होतं, आणि त्याबद्दल सगळ्यांना एवढंच माहीत होतं की त्याच्या जवळ जनावर बांधायचं नाही. एका सुताराने लग्नाला आलेल्या पाहुण्याचा घोडा तिथे बांधला होता, आणि वऱ्हाड देवळातून बाहेर पडेपर्यंत घोडा आडवा झाला होता. लाल फळाचा गर सोडला तर त्या झाडाचं पान, साल, बी, सगळं विष.

दोघींनी एकदमच ओसरीच्या कठड्याकडे पाहिलं. तिथे उन्हात, लाल झाकणांच्या अकरा बरण्या रांगेने उभ्या होत्या. कोंबांचा एक थर, साखरेचा एक थर, पुन्हा कोंब, पुन्हा साखर. साखर वितळून तळाशी मधासारखा पाक जमायला लागला होता. चाळीस दिवस ऊन दाखवायचं, मग गाळायचं. आख्खं गाव हिवाळ्यात खोकल्यावर तो पाक घेत असे, लहान पोरं तर औषध म्हणून नाही, खाऊ म्हणून मागत.

"बरण्यांत निव्वळ फर आहे," दोम्निका म्हणाली. "ही टोपलीला कुठून तरी चिकटली असेल."

"कुठून?"

साफ्ता दोम्निकाची नणंद, तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, शेजारच्याच घरात एकटी राहणारी. एक गोष्ट ती एकदाच बोलायची आणि मग ओठ मिटून कामाला लागायची. त्या मिटलेल्या ओठांचा दोम्निकाला बोलण्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा. आताही साफ्ताने केरसुणी घेतली आणि कचरा गोळा करून चुलीत टाकला. डहाळी मात्र तिने टाकली नाही. खिडकीच्या चौकटीत ठेवली.

दोम्निकाला कोड्यात टाकणारी गोष्ट डहाळी नव्हती. गोष्ट अशी होती की कोंब खुडल्याचा दिवस तिला आठवत नव्हता.

दरवर्षीचा उतार या वर्षी कुंपण घालून बंद केला होता, वर झाडतोड चालू होती. म्हणून ती सिहला नावाच्या घळीकडे गेली होती, जिथे लहानपणी आईबरोबर जायची. एवढं आठवत होतं. सकाळी निघाली, झऱ्यापाशी बसून पाव आणि खारं चीज खाल्लं, रुमालाची गाठ मारली, हेही आठवत होतं. त्यानंतर एकदम संध्याकाळ होती, ती फाटकातून आत येत होती आणि टोपली भरलेली होती. मधलं काहीच नव्हतं. कापडाचा मधला तुकडा कापून दोन टोकं शिवून टाकावीत तसं.

असं या वर्षी आधीही झालं होतं. मार्चमध्ये तिने दुधात मीठ घातलं. एकदा शनिवारी डोक्याला रुमाल बांधून प्रार्थनेला गेली आणि देवळाला कुलूप बघून पाद्रीबाबांवरच चिडली. तिचा मुलगा इटलीत गवंडीकाम करत होता. दर रविवारी फोन करून विचारायचा, "आई, सगळं ठीक?" ती म्हणायची, "ठीक नसायला काय झालंय?" तिला माहीत होतं, ठीक नाही असं एकदा म्हटलं की पुढचं वाक्य शहरातल्या वृद्धाश्रमाचं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घळीत गेली. आपण काय केलं ते जागेवर गेलं की आठवेल, असा तिचा हिशेब होता.

झरा होता तिथेच होता. वरच्या अंगाला फरची झाडं होती, खालच्या फांद्या हाताला येतील अशी, आणि त्यांच्या टोकांवर कोंब खुडल्याच्या खुणा होत्या. नखाने खुडलेलं टोक कसं दिसतं ते तिला झोपेतही ओळखता आलं असतं. तिला हायसं वाटलं. ती तशीच पुढे गेली. खडकाच्या आडोशाला, सावलीत, दोन काळपट झाडं होती. तिसा. यांच्याबद्दल आईने सांगितलं होतं का? सांगितलं असणार. आई या झाडांना लांबून वळसा घालायची की नाही, तेवढंच तिला आता आठवेना.

तिसाच्याही खालच्या फांदीची टोकं गेलेली होती.

दोम्निका वाकून बघू लागली. हरणं तिसा खातात आणि त्यांना काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. हरणाने ओरबाडलेली डहाळी फाटकी असते. इथे काही टोकं फाटकी होती, काही तिरपी तुटलेली, दोन-तीन अगदी साफ. तिने आपली नखं त्या टोकांशी लावून पाहिली. जुळत होती असं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की कुठल्याही तुटलेल्या डहाळीला नख लावलं तरी जुळल्यासारखंच दिसणार. ती बराच वेळ त्या दोन झाडांसमोर उभी राहिली. आपण इथे होतो का? हात आपलेच, आणि त्यांनी काय केलं ते आपल्यालाच विचारायची वेळ यावी. तिने डोळे मिटून पाहिले, उघडून पाहिले. घळीत वारा नव्हता, आणि तिला कुणी काही सांगितलं नाही.

परत येताना तिने एवढं ठरवलं की बरण्या सगळ्या फेकायच्या. शंका आली की संपलं, पोरांच्या तोंडात जाणारी वस्तू आहे. पण झाकणं तिने चौदा आणली होती, आणि ओसरीवर बरण्या अकरा होत्या. तीन गावात गेल्या होत्या. दरवर्षी ती दोन-तीन बरण्या न गाळताच द्यायची, ज्यांच्या खिडकीत ऊन चांगलं येतं त्यांना. घ्या, चाळीस दिवस ठेवा, मग तुमचं तुम्ही गाळा. एक दिली होती पाद्रीबाबांच्या बायकोला, एक पोस्टातल्या मार्गिओलाला.

तिसरी कुणाला दिली, ते तिला आठवेना.

पाद्रीबाबांच्या बायकोने, ओतिलियाने, दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं.

"ओतिलियाबाई, बरणी उघडली का हो तुम्ही?"

"छे. तुम्हीच सांगितलंत चाळीस दिवस. मी मोजतेय."

"मग द्या परत."

"परत?"

"साखर कमी पडलीय. आंबेल."

"मग मी वरून घालते की साखर."

"तशी नाही घालता येत," दोम्निका म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि ओतिलियाचा चेहरा पडला तो तिने पाहिला. पाद्रीबाईंना वाटलं असणार, बरणी दुसऱ्या कुणाला द्यायचीय. त्यांनी ती आणून दिली, वर फडक्याने पुसून दिली, आणि दार जरा लवकरच लावलं.

पोस्टात मार्गिओला टपालावर शिक्के मारत होती. ती चाळिशीतली बाई, आणि रस्त्यावरच्या खिडकीत बसत असल्यामुळे गावात कोण कुठून कुठे गेलं हे तिला माहीत नसेल तर ते घडलंच नसावं. तिने खिडकीतली बरणी काढून दिली आणि कारणही विचारलं नाही.

"मावशी, साखर कमी पडली म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"पाद्रीबाईंनी आत्ता फोन केला."

दोम्निकाने बरणी पिशवीत घातली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी यंदा आणखी कुणाला दिली, तुला काही कल्पना?"

मार्गिओलाने शिक्का खाली ठेवला. "मावशी, थट्टा करताय का? इलारीला दिलीत की."

"कोणत्या इलारीला?"

"तुमच्या शेजारच्या. मंगळवारी. मी सायकलवरून टपाल घेऊन जात होते, तुम्ही त्याच्या अंगणातून बाहेर येत होतात. मी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा, चला, एवढ्या वर्षांनी मिटलं एकदाचं."

"दुसरी कुणी असेल."

"निळा रुमाल तुमचाच होता. आणि तुम्ही हसत होतात."

दोम्निका पोस्टातून बाहेर आली आणि पायरीवर थांबली. घर कुठल्या बाजूला ते तिला ठाऊक होतं, तरी ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

इलारीशी ती अकरा वर्षं बोलली नव्हती. तो झाडतोडीच्या टोळीचा मुकादम होता आणि तिचा नवरा तोआदेर त्याच्या टोळीत. दोन दिवस पाऊस झाल्यावर उतार निसरडा झाला होता, माणसं म्हणत होती आज नको, आणि इलारी म्हणाला होता, करा. ओंडका घसरला. तोआदेरचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तीन हिवाळे तो खिडकीशी बसून राहिला, आणि चौथ्या हिवाळ्यात तोही गेला. अंत्यविधीच्या दिवशी इलारी फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा होता. दोम्निकाने साफ्ताकरवी सांगून पाठवलं, जा म्हणावं. दोन घरांच्या मधल्या कुंपणात एक छोटं फाटक होतं, तोआदेर आणि इलारी तरुणपणी ब्रँडीची बाटली घेऊन त्यातून इकडेतिकडे करायचे. ते तिने पाय गेला त्याच आठवड्यात तारेने बांधून टाकलं होतं.

ती आधी त्या फाटकापाशी गेली. तार सुटलेली होती. गंजक्या तारेचे वेढे एकेक करून उलगडलेले, आणि खांबाला नीट गुंडाळून ठेवलेले. असं गुंडाळायची सवय तिचीच होती. फाटकाच्या पलीकडे गवत पायाखाली दबलेलं होतं.

ती त्या वाटेने गेली नाही. रस्त्याने फिरून, समोरच्या दारातून गेली.

इलारी अंगणात बसून गवत कापायचं लांब पातं हातोडीने ठोकत होता. तिला बघून त्याने हातोडी खाली ठेवली.

"ये," तो म्हणाला. जसं काही ती रोजच येते. त्या एका शब्दाने ती आणखी गोंधळली. त्याच्या मिशा पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या. त्या कधी झाल्या ते तिला दिसलंच नव्हतं.

"माझी बरणी तुझ्याकडे आहे म्हणे."

"आहे."

"दे."

तो आत गेला आणि बरणी घेऊन आला. तळाचा पाक जवळजवळ संपलेला होता, कोंब कोरडे पडून वर आले होते. ते पाहून दोम्निका बाकावर बसली.

"हे काय केलंस? चाळीस दिवस ठेवायचं असतं."

"तूच म्हणालीस, इलारी, तुझा खोकला कुंपणापलीकडून ऐकू येतो, थांबू नकोस, सकाळ-संध्याकाळ एक चमचा घे. घेतला."

"रोज?"

"रोज. खोकला कमी आहे."

"पोटात दुखतंय का? छातीत? चक्कर येते?"

"गुडघा दुखतो. पण तो वीस वर्षांपासून दुखतो."

"मी हसायला आलेली नाही. यात तिसा असेल."

इलारी हसत नव्हताच. त्याने बरणी तिच्या हातातून घेतली, आतून एक पांढरी परात आणली आणि बरणी त्यात उपडी केली. मग चष्मा लावून एकेक कोंब उचलायला लागला. उलटा करायचा, दोन बोटांत चुरडायचा, बाजूला ठेवायचा. चाळीस वर्षं रानात काढलेला माणूस. त्याच्या बोटांना साखर चिकटत होती आणि तो ती मळक्या पॅंटला पुसत होता.

"फर. फर. हा स्प्रूस, फरचाच भाऊ, टोचतो बघ. फर. फर."

ती बघत राहिली. सगळे कोंब संपायला बराच वेळ लागला. शेवटी परातीच्या एका बाजूला ढीग होता आणि दुसरी बाजू रिकामी.

"तिसा नाही," तो म्हणाला. "असती तर मी तुझ्याशी बोलायला बसलोच नसतो."

तिने सुस्कारा सोडला. पण सुस्काऱ्यामागून दुसरी गोष्ट आली, आणि ती तिला विचारायलाच हवी होती.

"इलारी, मी मंगळवारी इथे आले होते?"

त्याने चष्मा काढला. मग म्हणाला, "आली होतीस."

"काय म्हणाले मी?"

"खोकल्याचं म्हणालीस."

"आणखी?"

"राहू दे, दोम्निका."

"मला राहू द्यायचं नाही. मला आठवत नाही. आख्खी मंगळवारची दुपार माझ्याकडे नाहीये, ती तुझ्याकडे आहे. दे मला ती."

हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी बोलली होती. साफ्ताला नाही, मुलाला नाही. आणि बोलली ती याला.

इलारीने जमिनीकडे बघत सांगितलं. "फाटकातून आलीस. इथेच बसलीस, याच बाकावर. म्हणालीस, तोआदेर वर रानात गेलाय, संध्याकाळी येईल, मग दोघं बसा. बाटली मात्र एकच उघडा म्हणालीस."

"आणि त्याचा पाय?"

"पायाचं काही बोलली नाहीस. तुझ्या लेखी पाय शाबूत होता."

अंगणात कोंबडी फिरत होती. दोम्निकाने तिच्याकडे बघितलं, परातीकडे बघितलं. तिला राग येत होता, पण तो कुणावर धरायचा ते कळत नव्हतं. याच्यावर? स्वतःवर? संध्याकाळी येईल, असं आपण म्हणालो. म्हणजे आपण त्या दुपारी संध्याकाळची वाट बघत घरी गेलो असणार. स्वयंपाकही दोघांचा केला असेल. मग काय झालं असेल? तो आला नाही तेव्हा आपल्याला काय वाटलं असेल? तेही आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे बरं की वाईट, तेही तिला ठरवता येईना.

"तुला कळलं होतं माझं डोकं ठिकाणावर नाही," ती म्हणाली. "तरी बरणी घेतलीस."

"घेतली."

"का?"

"तू खुशीत होतीस. मोडवेना." तो थांबला. "नाही म्हणायला हवं होतं. तुला घरी पोचवून साफ्ताला सांगायला हवं होतं. पण मी गेलो असतो तर साफ्ताने काठी काढली असती. तेव्हापासून रोज सकाळी तुझ्या धुराड्यातून धूर निघतो का ते बघतो."

"मी शुद्धीत असताना तुला माफ केलेलं नाही."

"ठाऊक आहे."

"करणारही नाही बहुतेक."

"बरं."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि परत वळली. "माझ्याकडे अकरा बरण्या आहेत, आणि या दोन. सगळ्या फेकणारच आहे. पण फेकायच्या आधी मला बघायचंय त्यात काय आहे. साफ्ताला पाकात भिजलेला कोंब नीट ओळखता येणार नाही, आणि मी बघितलं तर माझा माझ्यावर विश्वास बसणार नाही. तू येऊन बघ."

इलारी फाटकातून अंगणात आला तेव्हा साफ्ता बटाट्याच्या वाफ्यात होती. तिने हातातलं खुरपं घट्ट धरलं.

"हा इथे काय करतोय?"

"मी बोलावलंय," दोम्निका म्हणाली.

"तू?"

"बस खाली, साफ्ता. मला तुला काहीतरी सांगायचंय, आणि तू मधे बोलायचं नाहीस."

तिने सगळं सांगितलं. दुधातलं मीठ, शनिवारची प्रार्थना, घळीतली दुपार, मंगळवार. साफ्ता मधे बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "मला ईस्टरच्या आधीपासून वाटत होतं. तू मला दोनदा तुझ्या आईच्या नावाने हाक मारलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला कळतंय आणि तू लपवतेयस. मग मीही तुझ्यासाठी लपवलं."

इलारीने तोवर ओसरीवर जुनी चादर अंथरली होती. तिघं बसली. तो निवडायचा, साफ्ता बरण्या उपड्या करायची, दोम्निका बघायची. अंगणभर लिंबाच्या सालीसारखा वास पसरला. पहिल्या सहा बरण्यांत फर आणि थोडा स्प्रूस. सातव्यातही पहिले दोन थर फरच होते. दोम्निकाला वाटायला लागलं की काही झालेलंच नाही, साफ्ताची डहाळी वाऱ्याने उडून आली असेल, हरणांनीच तोडली असेल.

मग इलारीची बोटं थांबली. त्याने एक डहाळी उलटी करून उजेडात धरली आणि वेगळी ठेवली. नंतर आणखी एक. सगळ्या मिळून पाच.

"नक्की?" साफ्ताने विचारलं.

"नक्की."

दोम्निकाने त्यातली एक हातात घेतली. साखरेत भिजून ती अजून हिरवीगार होती, फरच्या कोंबापेक्षाही सुंदर दिसत होती. म्हणजे आपण त्या खडकापाशी उभे होतो. हात वर केला, खुडली, टोपलीत टाकली, आणि पुढे गेलो. इतकी वर्षं जे बोटांना कळत होतं ते त्या दिवशी बोटांनाही कळलं नाही. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. फक्त सगळं लांबून दिसल्यासारखं वाटत राहिलं, साफ्ता, इलारी, चादर, ढीग.

"ही कुठली बरणी?" तिने विचारलं. "मला म्हणायचंय, ही गावात जाणार होती का?"

"ओसरीवरची आहे," साफ्ता म्हणाली. "गावातल्या दोन्ही अजून बाजूला आहेत."

उरलेल्या चार आणि त्या दोन्ही पाहिल्या. स्वच्छ होत्या. तरीही सगळं फेकलं. इलारीने गोठ्याच्या मागे कमरेइतका खड्डा खणला, आणि साखर, पाक, कोंब, सगळं आत ओतून वर चुना आणि माती टाकली, कोंबड्यांना उकरता येणार नाही अशी. माती तुडवताना त्याला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत दोघी नुसत्या उभ्या राहिल्या.

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा साफ्ता शेजारी बसली होती. "सगळं ठीक?" त्याने विचारलं. दोम्निका म्हणाली, "नाही." वृद्धाश्रमाचं वाक्य आलं, तिला वाटलं होतं तसंच आलं. साफ्ताने फोन हातात घेऊन सांगितलं की मी माझी खाट तिच्या घरात हलवतेय, आणि पुढचं आपण हिवाळ्यानंतर बोलू. शहरातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, महिने आणि वार विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. घड्याळ तिने बरोबर काढलं. वार चुकला. डॉक्टर म्हणाला, जे काम हाताला माहीत आहे ते सोडू नका, पण एकटीने करू नका.

ओतिलियाबाईंना तिने स्वतः जाऊन खरं सांगितलं. पाद्रीबाई आधी घाबरल्या, मग रडल्या, मग तिला जबरदस्तीने जेवायला बसवलं. इलारीशी काय करायचं हे मात्र तिला कळेना. काही सकाळी ती त्याला कुंपणापलीकडे बघून तोंड फिरवायची. काही सकाळी ती खोकल्याची चौकशी करायची आणि मधेच थांबायची, आपण ही चौकशी शुद्धीत करतोय की नाही अशी शंका येऊन. तो दोन्ही वेळा टोपीला हात लावायचा.

जूनच्या मध्याला खाली सगळे कोंब राठ झाले होते, पण वरच्या डोंगरावर, जिथे बर्फ उशिरा जातं, तिथे फर नुकतेच फुटत होते. इलारीने घोडागाडी काढली. दोम्निका आणि साफ्ता मागे बसल्या, रिकाम्या टोपल्या मांडीवर घेऊन. वर पोचल्यावर दोम्निका पहिल्या झाडापाशी गेली, कोंबाला हात लावला आणि हात तसाच ठेवून मागे बघितलं.

"हा?"

"हा," साफ्ता म्हणाली.

तिने खुडला. पुढच्या झाडाशी पुन्हा विचारलं. तिला ते विचारणं अजिबात आवडत नव्हतं, दर वेळी कानशिलं तापायची, पण ती विचारत राहिली. दुपारपर्यंत टोपली भरली. इलारी थोडा लांब, घोड्याला चरायला सोडून एका ओंडक्यावर बसला होता. दोम्निका टोपली घेऊन त्याच्याकडे गेली आणि समोर थांबली.

"इलारी, आज मी तुझ्याशी बोलतेय का?"

त्याने विचार केला. "सकाळपासून नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि टोपली त्याच्या हातात देऊन निवडायला त्याच्या शेजारी बसली.